सहसंयुज बंध व रेणूंचे आकार : संकल्पनेचा इतिहास

दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांचे एक वा अधिक युग्म सामाईक करून घेतल्यामुळे त्यांच्यात जो बंध निर्माण होतो, त्यास सहसंयुज बंध म्हणतात. हायड्रोजन, ऑक्सिजन व नायट्रोजन या वायूंचे रेणू, पाणी, साखर, कापसातील सेल्युलोज व सजीवांतील प्रथिने, तसेच हिरा व गारगोटी यांसारखे घन पदार्थ मुख्यत्वे याच बंधाने सांधलेले असतात. मिठासारख्या लवणात विरुद्ध विद्युत् भाराचे आयन परस्परांना सर्व दिशांनी सारखेच आकर्षितात. सहसंयुज बंध मात्र ठराविक दिशांनीच निर्माण होतो. त्यामुळे बंधांमध्ये निश्चित कोन असतात, रेणूला निश्चित आकार येतो व पदार्थाचे बरेचसे गुणधर्म या आकारावर अवलंबून राहतात.

या विषयाचा इतिहास एका दृष्टीने उलट्या क्रमाचा आहे. इलेक्ट्रॉनाचा शोध १८९७ मध्ये लागला आणि बंधाचे समाधानकारक स्पष्टीकरण १९२७ नंतर मिळाले. तथापि कार्बनी रेणूंचा आकार १८७४ मध्येच, कोणताही रेणू न पाहता, केवळ पदार्थांच्या प्रकारांची संख्या मोजून अनुमानिलेला होता. अदृश्य वस्तूविषयी असे अनुमान करणे हे शास्त्र की कल्पनाविलास, असा वाद त्या काळी झाला. त्याचा निकाल पुढील साठ वर्षांत अनुमानाच्या बाजूने लागला.

पूर्वेतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यन्स याकॉप बर्झीलियस यांनी सर्व संयुगे धन व ऋण विद्युत् भारित घटकांच्या आकर्षणाने बनतात, असे प्रतिपादन केले. लवणांच्या बाबतीत ही उपपत्ती पटण्याजोगी होती. परंतु हायड्रोजनाचे दोन एकसारखे अणू एकमेकांस का धरून ठेवतात, हे तिच्यावरून सांगता येत नव्हते. कार्बनी संयुगातील धन मानलेल्या हायड्रोजनाच्या जागी ऋण मानलेला क्लोरीन बसू शकतो व तरीही संयुगाचे स्वरूप फारसे बदलत नाही, हे झां बातीस्त द्यूमा यांनी १८३४ पासून केलेल्या संशोधनाने दिसून आले आणि ही उपपत्ती डळमळीत झाली.

प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूची इतर अणूंशी संयोग पावण्याची क्षमता ठराविक असते, हे एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८५२ मध्ये दाखविले. या क्षमतेस पुढे ‘संयुजा’ हे नाव मिळाले. कार्बनाची संयुजा चार असून त्याचे अणू परस्परांस जोडले जाऊन साखळ्या बनतात, हा विचार १८५८ मध्ये आउगुस्ट केकूले व आर्चिबॉल्ड कूपर यांनी स्वतंत्रपणे मांडला. अणूंच्या चिन्हांमध्ये रेषा काढून बंध दर्शविण्याची पद्धत कूपर व अलेक्झांडर क्रम ब्राउन यांच्यामुळे रूढ झाली. ही रेषा जमाखर्चातील खुणेसारखी होती. कोणता अणू कोणाशी जोडलेला आहे, एवढेच ती सांगत असे. अणू अवकाशात कोठे आहेत, हे तिच्यावरून कळत नसे. कागदावरील सूत्र सपाट होते आणि रेणूही तसाच असावा की काय, हा प्रश्न बहुतेकांनी उपस्थितच केला नव्हता.

चतुष्फलकी कार्बन : हा प्रश्न पुढे येण्यास टार्टारिक अम्ल कारणीभूत झाले. चिंचेचा आंबटपणा मुख्यत्वे या अम्लामुळे असतो. द्राक्षांच्या मद्याच्या पिंपांत त्याची लवणे साचतात. एकाच प्रतलात कंप पावणारा म्हणजे ध्रुवित प्रकाश या अम्लाच्या विद्रावातून जाऊ दिला असता त्याचे प्रतल उजवीकडे वळते. त्याच घटकांचे दुसरे एक अम्ल मात्र प्रकाशावर असा परिणाम करीत नाही. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये या दुसऱ्या अम्लाच्या एका लवणाचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली निवडून वेगळे केले. त्यांत दोन प्रकार मिसळलेले असून ते उजव्या व डाव्या हाताप्रमाणे परस्परांच्या आरशातील प्रतिमांसारखे आहेत, असे त्यांना आढळले. एका प्रकारचा विद्राव प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवी, तर दुसऱ्याचा तितकेच डावीकडे. विद्रावात स्फटिक शिल्लक राहत नाही. म्हणजे उजवे-डावेपण खुद्द रेणूतच असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे योहानेस व्हिस्लिसेनुस यांनी आंबलेल्या दुधातील व स्नायूंतील लॅक्टिक अम्लांचा अभ्यास केला. या दोहोंची सपाट सूत्रे एकच असल्याने त्यांतील फरक अणूंच्या अवकाशातील मांडणीत शोधला पाहिजे, असे मत त्यांनी १८७३ मध्ये व्यक्त केले.

पुढल्याच वर्षी २२ वर्षे वयाचे डच रसायनशास्त्रज्ञ जे. एच. व्हांट हॉफ यांनी व दोन महिन्यांनी फ्रान्समधील जे. ए. ल बेल यांनी स्वतंत्रपणे याचे उत्तर दिले. व्हांट हॉफ यांची विचारसरणी थोडक्यात अशी होती : मिथेनाच्या रेणूत कार्बनाला हायड्रोजनाचे चार अणू जोडलेले असतात. ते एका चौरसाच्या कोपऱ्यांवर असतील, तर त्यांपैकी दोहोंच्या जागी क्लोरीन बसविल्यास दोन भिन्न पदार्थ मिळाले पाहिजेत : एकात क्लोरिनाचे अणू शेजारी असतील, दुसऱ्यात समोरासमोर. प्रत्यक्षात असा एकच पदार्थ ज्ञात होता. चारही हायड्रोजन चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीच्या) चार कोपऱ्यांवर आहेत असे मानल्यास मात्र कोणतेही दोन कोपरे सारखेच शेजारी ठरतात आणि एकच पदार्थ शक्य होतो. उलटपक्षी कार्बनाला चार भिन्न गट जोडलेले असतील, तर अशा चतुष्फलकाची मांडणी बरोबर दोन प्रकारे होते व ते दोन प्रकार परस्परांच्या आरशातील प्रतिमा असतात. टार्टारिक अम्लात असे दोन कार्बन अणू असून दोहोंभोवतीचे गट सारखेच आहेत. म्हणून त्याचे उजवे, डावे व अंतर्गत समतोलामुळे निष्क्रिय असे तीन प्रकार संभवतात. पाश्चर यांना हे तिन्ही मिळालेले होते.

या उपपत्तीचे स्वागत सर्वत्र झाले नाही. जर्मनीतील ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे यांनी १८७७ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. व्हांट हॉफ त्या वेळी उत्रेक्त येथील पशुवैद्यकीय विद्यालयात शिकवीत असत; त्याचा उपरोधाने उल्लेख करून, या तरुणास काटेकोर संशोधनापेक्षा कल्पनेच्या भराऱ्या अधिक प्रिय आहेत, असे कोल्बे यांनी लिहिले. ही टीका केवळ वैयक्तिक आकसाची नव्हती. जे दिसत नाही व वजनात सापडत नाही त्याविषयी बोलू नये, ही त्या पिढीची शिस्त होती. उपपत्तीच्या बाजूने निर्णायक ठरली ती तिची भाकिते. ज्यात तीन कार्बन अणू लागोपाठ दुहेरी बंधांनी जोडलेले आहेत, अशा योग्य ॲलीन संयुगांतही उजवा व डावा हे प्रकार असले पाहिजेत, असे व्हांट हॉफ यांनी १८७५ मध्ये सांगितले होते. पी. मेटलंड व डब्ल्यू. एच. मिल्स यांनी १९३५ मध्ये तसे संयुग तयार करून ते खरे ठरविले. दरम्यान आल्फ्रेट व्हेर्नर यांनी १८९३ मध्ये हीच गणनापद्धती कोबाल्टासारख्या धातूंच्या जटिल संयुगांना लावली व त्यांत मध्यवर्ती अणूभोवती सहा गट अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर असतात, असे दाखविले. डब्ल्यू. एच. व डब्ल्यू. एल. ब्रॅग या पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची संरचना निश्चित केली. तीत प्रत्येक कार्बनाभोवती चार कार्बन बरोबर चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर, १·५४ अँगस्ट्रॉम अंतरावर आढळले (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग).

इलेक्ट्रॉन-युग्म : आकार कळला तरी बंध म्हणजे काय, हे अज्ञातच होते. अमेरिकन शास्त्रज्ञ जी. एन. ल्यूइस यांनी १९१६ मध्ये, बंध म्हणजे दोन अणूंनी सामाईक केलेले इलेक्ट्रॉनांचे एक युग्म होय, अशी कल्पना मांडली. निष्क्रिय वायूंच्या अणूंत बाह्य कवचात बहुधा आठ इलेक्ट्रॉन असतात. इतर अणू सामाईक युग्मे जमेस धरून ही स्थिती गाठतात. अशा रीतीने कूपर यांच्या रेषेच्या जागी दोन टिंबे आली. ल्यूइस यांनी आरंभी आठ इलेक्ट्रॉन घनाच्या आठ कोपऱ्यांवर कल्पिले होते. परंतु दोन घन जोडून तिहेरी बंध दाखविता येईना. म्हणून त्यांनी इलेक्ट्रॉनांची चार युग्मे चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर ठेवली आणि व्हांट हॉफ यांची आकृती पुन्हा प्रकट झाली. अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१९ मध्ये या कल्पनेचा विस्तार केला व ‘सहसंयुजा’ या अर्थाची संज्ञा प्रचारात आणली.

यात एक मोठी अडचण होती. दोन्ही इलेक्ट्रॉन ऋण भारित असल्याने त्यांनी परस्परांस दूर लोटावयास हवे. मग युग्मानेच बंध का व्हावा? याचे उत्तर पुंजयामिकीने दिले. व्हाल्टर हाइटलर व फ्रिट्स लंडन यांनी १९२७ मध्ये हायड्रोजनाच्या रेणूचे गणित मांडले. इलेक्ट्रॉन एका जागी ठेवलेला कण नसून त्याचे वर्णन तरंग फलनाने करावे लागते. दोन अणू जवळ आले की त्यांची तरंग फलने एकमेकांवर व्यापतात आणि दोन इलेक्ट्रॉनांचे परिवलन परस्परविरुद्ध असेल, तर दोन्ही अणुकेंद्रांमधील जागेत इलेक्ट्रॉनांची घनता वाढून एकूण ऊर्जा कमी होते. तिसऱ्या इलेक्ट्रॉनास त्याच अवस्थेत प्रवेश मिळत नाही, म्हणून बंध युग्माचाच असतो. या गणिताने मिळालेली बंध ऊर्जा प्रायोगिक मूल्याच्या सु. दोन-तृतीयांश होती. ह्यूबर्ट जेम्स व आल्बर्ट कूलिज यांनी १९३३ मध्ये अधिक काटेकोर गणित करून ही तफावत जवळजवळ नाहीशी केली. हायड्रोजनाच्या रेणूत अणुकेंद्रांमधील अंतर ०·७४ अँगस्ट्रॉम असून बंध तोडण्यास प्रति मोल सु. ४३६ किलोजूल ऊर्जा लागते.

कार्बनाच्या बाबतीत आणखी एक कोडे होते. त्याच्या बाह्य कवचातील चार कक्षकांपैकी एक गोलाकार असून उरलेले तीन परस्परांशी काटकोन करतात. त्यांपासून चार समान बंध कसे निर्माण व्हावेत? लायनस पॉलिंग व जॉन स्लेटर यांनी १९३१ मध्ये या चार कक्षकांचे गणिती मिश्रण करून, चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे रोखलेले चार समान कक्षक मिळविले. या कृतीस संकरण म्हणतात. तीन कक्षकांच्या संकरणाने एका प्रतलात १२०° चे कोन मिळतात (उदा., एथिलीन), तर दोहोंच्या संकरणाने सरळ रेषा मिळते (उदा., ॲसिटिलीन). संकरण ही अणूत घडणारी घटना नसून वर्णनाची सोय आहे, हे येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. याच सुमारास फ्रीड्रिख हुंट व रॉबर्ट मलिकन यांनी इलेक्ट्रॉन संपूर्ण रेणूचे असतात असे मानणारी रेणवीय कक्षक पद्धती विकसित केली. ऑक्सिजन वायू चुंबकाकडे आकर्षिला जातो, याचे स्पष्टीकरण या पद्धतीने सहज मिळते. पॉलिंग यांना १९५४ चे व मलिकन यांना १९६६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आकाराचा नियम : एन. व्ही. सिजविक व एच. एम. पॉवेल यांनी १९४० मध्ये आणि रॉनल्ड गिलेस्पी व रॉनल्ड नायहोम यांनी १९५७ मध्ये आकार सांगण्याचा सोपा नियम दिला. मध्यवर्ती अणूभोवतीची इलेक्ट्रॉन-युग्मे परस्परांपासून शक्य तितकी दूर राहतात. दोन युग्मे सरळ रेषेत, तीन त्रिकोणात, चार चतुष्फलकात व सहा अष्टफलकात मांडली जातात. बंधात न गुंतलेले एकाकी युग्म अधिक जागा व्यापते व शेजारचे कोन आवळते. म्हणून मिथेनातील कोन १०९·५°, अमोनियातील सु. १०७° व पाण्यातील १०४·५° असतो. हायड्रोजन सल्फाइडातील कोन मात्र सु. ९२° एवढाच आहे. यावरून हा नियम मार्गदर्शक आहे, सर्वस्वी अचूक नव्हे, हे दिसून येते.

प्रत्यक्ष मापनाची साधनेही याच काळात उपलब्ध झाली. पीटर डिबाय यांनी १९१२ पासून रेणूंच्या विद्युत् द्विध्रुव परिबलाचा अभ्यास केला. कार्बन डाय-ऑक्साइडाचे परिबल शून्य असल्याने तो सरळ आणि पाण्याचे शून्य नसल्याने तो वाकडा, हे त्यावरून ठरले. पाण्याचा रेणू सरळ असता, तर त्याची लवणे विरघळविण्याची शक्ती त्याला आजच्यासारखी लाभली नसती. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामामुळे प्रकीर्णित प्रकाशावरून रेणूची कंपने व त्यांवरून आकार ओळखता येऊ लागला. जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास येथे १९६३ मध्ये प्रथिनांच्या साखळीतील बंध कोणत्या कोनांतून फिरू शकतात, याचा आलेख प्रसिद्ध केला. तो आजही जगभर वापरला जातो.

दख्खनच्या पठारावरील उदाहरणे : रेणूंविषयीचे हेच नियम खडक व माती यांनाही लागू पडतात. महाराष्ट्राचा मोठा भाग सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. त्यातील मुख्य खनिजे सिलिकेटे आहेत. कार्बनाप्रमाणेच सिलिकॉनाभोवतीही चार बंध चतुष्फलकाच्या दिशांनी असतात. मात्र येथे शेजारी ऑक्सिजन असून अंतर सु. १·६ अँगस्ट्रॉम असते. पॉलिंग यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या विद्युत् ऋणतेच्या मापनानुसार हा बंध सु. निम्मा सहसंयुज व निम्मा आयनी ठरतो. ही चतुष्फलके कोपऱ्यांवरील ऑक्सिजन वाटून घेऊन साखळ्या, थर किंवा त्रिमितीय सांगाडे बनवितात. बेसाल्टातील पायरोक्सीन साखळ्यांचे, तर फेल्डस्पार सांगाड्याचे उदाहरण होय.

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी वसलेल्या गंगाखेडच्या परिसरात या बेसाल्टापासून झालेली काळी जमीन आहे. उन्हाळ्यात या जमिनीला खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून चिकट होते, हा तेथील शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव आहे. खडक झिजताना त्याचे मूळ बंध तुटून माँटमोरिलोनाइट गटातील मृद् खनिजे तयार होतात. यांच्या प्रत्येक पापुद्र्यात सिलिकॉन-ऑक्सिजन चतुष्फलकांचे दोन थर असून त्यांमध्ये ॲल्युमिनियमाचा अष्टफलकी थर असतो. अशा थरयुक्त संरचनेविषयीचे मूलभूत विवेचन पॉलिंग यांनी १९३० मध्ये अभ्रकाच्या संदर्भात केले. पापुद्र्याच्या आत बंध बळकट असतात. दोन पापुद्र्यांमध्ये मात्र आकर्षण दुर्बल असते. म्हणून पाणी आत शिरून पापुद्रे दूर सारते व ते निघून गेले की पुन्हा जवळ येऊ देते. पापुद्र्यांत ॲल्युमिनियमाच्या काही जागी मॅग्नेशियम बसलेले असल्याने त्यांवर थोडा ऋण भार उरतो. तो कॅल्शियम, पोटॅशियम इ. धन आयनांना धरून ठेवतो. कापसाला लागणारा ओलावा व पोषक द्रव्ये ही जमीन दीर्घकाळ राखते ते यामुळेच. घरांच्या पायांना व भिंतींना तडे जाण्याचे कारणही हेच होय. एकाच संरचनेपासून हा लाभ व ही हानी दोन्ही उद्भवतात.

बेसाल्टातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट इ. झिओलाइट खनिजांचे सुंदर स्फटिक सापडतात. नासिक, जळगाव व पुणे जिल्ह्यांतील स्फटिक जगातील अनेक संग्रहालयांत आहेत. झिओलाइटांत चतुष्फलकांच्या सांगाड्यामध्ये रेणूच्या आकाराएवढे मार्ग असतात. लहान रेणू त्यांतून जातात, मोठे बाहेर राहतात. या गुणधर्मावरून जे. डब्ल्यू. मक्बेन यांनी १९३२ मध्ये अशा पदार्थांना ‘रेणवीय चाळणी’ या अर्थाचे नाव दिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले, तेव्हा तिचे पहिले संचालक हेच मक्बेन होते. त्यांच्यानंतर इलेक्ट्रॉन विवर्तनाचे अभ्यासक जॉर्ज फिंच हे संचालक झाले. याच प्रयोगशाळेत पुढे पॉल रत्नसामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम झिओलाइटांपासून उत्प्रेरक विकसित केले. त्यांपैकी एन्सिलाइट मालिकेतील उत्प्रेरक १९८० नंतरच्या दशकात झायलिनांच्या रूपांतरासाठी उद्योगात वापरले गेले. तीन झायलिनांत अणू तेच व तितकेच असतात, भेद केवळ मांडणीचा असतो. त्यांतील सडपातळ पॅरा-झायलीन झिओलाइटाच्या मार्गांतून सर्वांत सुलभपणे बाहेर पडते आणि पॉलिएस्टर धाग्याच्या निर्मितीस तेच लागते.

रेणूतील इलेक्ट्रॉनांच्या वितरणाविषयी पुणे विद्यापीठात (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) श्रीधर गद्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे सैद्धांतिक संशोधन केले. रेणूच्या स्थिर विद्युत् वर्चसाचे कमाल बिंदू अणुकेंद्रांखेरीज इतरत्र असू शकत नाहीत, हे गद्रे व आर. के. पाठक यांनी १९९० मध्ये सिद्ध केले. या वर्चसाचे किमान बिंदू मात्र अणुकेंद्रांपासून दूर आढळतात आणि त्यांवरून एकाकी युग्मांची स्थाने दाखविता येतात. ल्यूइस यांच्या टिंबांना यामुळे एक मोजण्याजोगे अधिष्ठान मिळाले.

मर्यादा : दोन अणू व एक युग्म ही कल्पना सर्वत्र पुरेशी पडत नाही. बेंझिनाच्या वलयातील सहाही कार्बन-कार्बन बंध सारखेच, सु. १·४० अँगस्ट्रॉम लांबीचे असतात. एकेरी व दुहेरी असा भेद त्यांत करता येत नाही. डायबोरेनाच्या रेणूत एकच युग्म तीन अणूंना सांधते. आठ इलेक्ट्रॉनांची स्थिती पूर्ण असल्याने निष्क्रिय मानलेल्या झेनॉनाचेही संयुग नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये तयार केले. झुरिक येथील प्रयोगशाळेत २००९ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शकाने पेंटासीनच्या एकेका रेणूचे चित्र मिळविण्यात आले. त्यात पाच षट्‌कोणी वलये, कागदावरील सूत्राशी ताडून पाहता येतील इतकी स्पष्ट दिसतात. तथापि त्या चित्रातील रेषा म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या अग्राला जाणवलेला इलेक्ट्रॉनांचा प्रतिकार होय. कूपर यांची रेषा हे अद्यापि एक चिन्हच आहे. पदार्थांच्या प्रकारांची संख्या, अंतरे, कोन व ऊर्जा यांची जी मोजमापे मिळतात, ती सर्व त्या एका चिन्हात संकलित झालेली आहेत.